वार लावून जेवणारा राक्षस

आरवलीच्या वेतोबाला नवस फेडताना केळ्यांचे घड देतात आणि चपला वाहतात. वेंगुर्ला तालुक्यातलं हे देऊळ ज्यांनी पाहिलंय, त्यांना त्या चपला नक्की आठवत असतील. चामड्याच्या, जाडजूड तळाच्या, आपले दोन्ही पाय एकीत मावतील एवढ्या. रात्री वेतोबा गावाच्या राखणीला फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या, अशी श्रद्धा. आता वेताळ हा मुळात कोण? भुताखेतांचा राजा. रात्री त्याची पालखी निघाली की जिवंत माणसानं वाटेत येऊ नये, असा त्याचा लौकिक. अशा या महाभागाचं कोकणी माणसानं काय केलं? त्याला नोकरीला ठेवलं. कायमची रात्रपाळी, वर केळी आणि पायताण.

मला या व्यवहाराचं भारी कौतुक वाटतं. मोठी माणसं भयंकर गोष्टींशी कशी वागतात, ते यात अगदी उघड दिसतं. आपण राक्षसांना सहसा मारत नाही. त्यांच्याशी जुळवून घेतो.

मुलांच्या गोष्टीत हे चालत नाही. तिथे राक्षस संपलाच पाहिजे, आणि तोही झोप यायच्या आत. माझी भाची पहिलीत आहे. तिला राक्षसाचे दात, शिंगं, गडगडाटी हसणं यात फारसा रस नाही. ते सगळं ती गृहीत धरते. तिला व्यवस्थेची चौकशी करायची असते. सात समुद्रांपलीकडे बेट, बेटावर झाड, झाडावर पिंजरा, पिंजऱ्यात पोपट आणि पोपटात राक्षसाचा जीव, एवढं रंगवून सांगितल्यावर तिनं विचारलं, "पोपटाला खायला कोण घालतं?"

ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलोय, सांगत आलोय. हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी म्हटलं, राक्षसच घालत असणार, दुसरं कोण आहे तिथे! म्हणजे रोज सात समुद्र ओलांडून जायचं, भिजवलेली डाळ आणि मिरची घालायची, वाटीतलं पाणी बदलायचं आणि अंधार पडायच्या आत परत येऊन 'माणूस घाण, माणूस खाईन' म्हणत दारात उभं राहायचं. मेहनती प्राणी आहे. पण भाचीला त्याची दया वगैरे आली नाही. पोपटाची मान पिरगळताना मात्र तिचा चेहरा पडला, म्हणून हल्ली मी पोपटाऐवजी भोपळा सांगतो.

तरी मुलांच्या राक्षसाचा मोठेपणा असा की त्याला पत्ता असतो. तो कुठे राहतो, काय खातो, केव्हा येतो आणि नेमका कुठे मारला की मरतो, हे सगळं ठरलेलं असतं. शिवाय तो येण्याआधी ओरडून वर्दी देतो. मोठ्यांच्या कथांमध्ये असला सभ्य राक्षस शोधून सापडायचा नाही.

रत्नाकर मतकरींनी (1938–2020) दोन्ही दुकानं सांभाळली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण त्यांची, 'निम्मा शिम्मा राक्षस' त्यांचा, आणि मोठ्यांची झोप उडवणाऱ्या गूढकथाही त्यांच्याच. ती चेटकीण पूर्वी दिलीप प्रभावळकरांनी रंगवली, अलीकडे वैभव मांगले यांनी. चेटकिणीच्या झग्यात चांगला बाप्या माणूस आहे, हे मुलांना पहिल्या पाच मिनिटांत कळतं. त्यामुळे त्यांची भीती कमी होत नाही, उलट त्यांना कंठ फुटतो. गूढकथांचा वाचक असा ओरडत नाही. तिथे चेटकिणीचा झगा नसतो, लांब नाक नसतं. साधं बिऱ्हाड असतं, ओळखीची माणसं असतात, कुठेतरी काहीतरी एवढंसं चुकलेलं असतं, आणि ते चुकलेलं सगळ्यांच्या अंगवळणी पडत जातं. वाचताना जास्त भीती त्या अंगवळणी पडण्याची वाटते.

परदेशातही हाच प्रकार. 1818 साली छापून आलेल्या मेरी शेलीच्या कादंबरीतला, फ्रँकेन्स्टाइननं घडवलेला तो बिननावाचा प्राणी आपल्या कर्त्याकडे रीतसर मागणी घेऊन येतो. मला एक जोडीदारीण करून दे, आम्ही दोघं दक्षिण अमेरिकेच्या रानात निघून जाऊ, पुन्हा तोंड दाखवणार नाही. कर्ता कबूल होतो, कामाला लागतो आणि मग शब्द फिरवतो. पुढचा संहार हा मोडलेल्या कराराचा आहे. 1897 च्या ड्रॅक्युलाची सुरुवात तर घरखरेदीच्या कागदपत्रांनी होते. त्याला लंडनमध्ये जागा हवी आहे, त्यासाठी वकिलाच्या कचेरीतला तरुण त्याच्या किल्ल्यात जातो. आणि याच ड्रॅक्युलाला घरातल्या कोणीतरी एकदा 'या' म्हटल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. मोठ्यांच्या राक्षसाला नेहमी आतून कोणीतरी कडी काढून दिलेली असते.

असे राक्षस म्हातारे झाले की त्यांना बालवाडीत पाठवतात, ही आणखी एक गंमत. ड्रॅक्युलाच्या वळणाचा एक दाताळ सरदार 1972 पासून अमेरिकेतल्या 'सेसमी स्ट्रीट' या टीव्हीवरच्या बालकार्यक्रमात मुलांना आकडे मोजायला शिकवतोय.

आपल्याकडे बकासुराचं तसंच झालं. शाळेतल्या गोष्टीत तो उरला तो एवढाच: गाडाभर भात, त्यावर बसलेला भीम, दोन गुद्दे, खेळ खलास. महाभारताच्या आदिपर्वातलं मूळ प्रकरण मी बऱ्याच उशिरा वाचलं, आणि वाचताना राक्षस यायच्या आधीच अंगावर काटा आला.

एकचक्रा नगरी. लाक्षागृहातून निसटलेले पांडव एका ब्राह्मणाच्या घरी उतरलेत, भिक्षेवर दिवस काढताहेत. एक दिवस चौघे भाऊ बाहेर गेलेले, घरात फक्त कुंती आणि भीम. आणि यजमानांच्या बाजूनं रडण्याचा आवाज. त्यांच्या घराचा वार आलेला असतो. बकासुर गावात शिरून धुमाकूळ घालत नाही. तो चक्क वार लावून जेवतो. गाडाभर भात, दोन रेडे आणि गाडं घेऊन जाणारा माणूस, असं ठरलेलं जेवण. प्रत्येक घराचा नंबर बऱ्याच वर्षांनी येतो, त्यामुळे बाकीच्यांचं बरं चाललेलं. जो पळायला बघेल त्याला बायकामुलांसकट खाणार, असा नियम. बदल्यात बकासुर परचक्रापासून आणि इतर भुताखेतांपासून नगरीचं रक्षण करतो. हे तो ब्राह्मण स्वतः कुंतीला सांगतो. राजा आहे म्हणे, पण तो वेत्रकीयगृह नावाच्या ठिकाणी बसून असतो, प्रजेसाठी काही करत नाही.

म्हणजे राजानं सोडलेलं काम राक्षसानं उचललंय, आणि लोक त्याचा कर भरताहेत.

यातली दोन वाक्यं माझ्या डोक्यातून जात नाहीत. एक, ब्राह्मण म्हणतो, माझ्याऐवजी पाठवायला माणूस विकत घ्यावा, तर तेवढा पैसा माझ्याकडे नाही. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांचे वार कोणी भरले असतील, हे व्यास सांगत नाहीत, सांगायची गरजही नाही. दुसरं वाक्य बायकोला उद्देशून. तेव्हाच म्हणत होतो, हे गाव सोडू या, पण तू ऐकलं नाहीस. आणि ती का निघाली नव्हती? तर इथेच जन्मले, इथेच वाढले, वडील इथले. दारात मरण उभं आहे आणि नवराबायको माहेरावरून बोलताहेत! कुठल्याही भयकथेत याहून खरं संभाषण मी वाचलेलं नाही.

मग प्रत्येक जण म्हणतो, मी जाते, मी जातो. बाप, आई, मुलगी, सगळ्यांची लांबलचक, शास्त्राला धरून भाषणं. धर्म काय सांगतो, कन्येचा उपयोग काय, भार्येचं कर्तव्य काय. आणि एवढ्यात घरातलं शेंडेफळ, बोबडं बोलणारं, प्रत्येकापाशी जाऊन 'रडू नको' म्हणतं आणि हातात एक गवताची काडी घेऊन सांगतं, हिनं मी त्या माणूसखाऊ राक्षसाला मारीन. त्या रडारडीतही सगळ्यांना बरं वाटतं.

अख्ख्या एकचक्रेत राक्षस मारायचा असतो हे फक्त त्या पोराला माहीत आहे. बाकी गाव कोणाचा वार कधी येतो याच्या हिशेबात. कथा सांगणाऱ्यानं ही काडी मुद्दाम भीमाच्या आधी ठेवली आहे, असं मला वाटतं. कुंती पुढे येते ती त्यानंतरच.

पुढचं आपल्याला ठाऊकच आहे, पण मूळ वर्णन पुन्हा वाचावं असं आहे. भीम रानात जाऊन बकासुराला नावानं हाका मारतो आणि त्याच्याचसाठी आणलेला भात खायला बसतो. बकासुर येतो, चिडतो, दोन्ही हातांनी पाठीत रट्टे घालतो. भीम मागे वळूनही बघत नाही. जेवण संपवतो, तोंड-हात धुतो आणि मग उठतो. मारून झाल्यावर धूड नगरीच्या वेशीत आणून टाकतो. बकासुराच्या नातेवाइकांना ताकीद देतो, माणसं खायची नाहीत. तेही मान्य करतात आणि तेव्हापासून गावकऱ्यांना ते राक्षस सौम्य झालेले दिसू लागतात. सकाळी वेशीत गर्दी होते, आणि नागरिकांनी पहिलं काय केलं असेल? आज वार कोणाचा होता ते मोजून काढलं. सवय!

गेल्या महिन्यात भाचीला मी हे सगळं सविस्तर सांगितलं, राजा, कर, माहेर, काडी, काही न गाळता. काडी तिला आवडली. राजावर तिनं काही मत दिलं नाही. मी वेशीतल्या गर्दीपर्यंत पोचलो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"आणि रेडे?"

"कुठले रेडे?"

"गाडीबरोबर दिलेले दोन. त्यांना कोणी खाल्लं?"

"कोणी नाही. भीमानं परत आणले."

"त्या दादाच्या घरी? काडीवाल्या?"

"हो."

"मग पुढच्या वेळी त्यांनाच द्यायला लागेल परत?"

मी म्हटलं, आता पुढची वेळ नाही, राक्षस मेला. ती म्हणाली, नातेवाईक आहेत ना!