विझला असता तर बरं होतं

आमच्या स्टुडिओच्या दारावर अजून टायपिंग क्लासचाच बोर्ड आहे. ‘मराठी ३०, इंग्रजी ४०, शॉर्टहँड’ आणि खाली जिन्याकडे दाखवणारा बाण. सांगलीच्या गावभागात, पिठाच्या गिरणीच्या वरची खोली. क्लास बंद पडून बरीच वर्षं झाली, पण मालकीणबाईंनी बोर्ड काढू दिला नाही आणि आम्हीही फार आग्रह धरला नाही. बंद पडलेल्या जागांवर फिल्म करणाऱ्यांना याहून चांगला पत्ता कुठला मिळणार? अधूनमधून एखादी मुलगी जिना चढून येते, कॅमेऱ्याच्या बॅगा बघते आणि तरीही विचारते, “परीक्षेचे फॉर्म कधी सुटणार?”

आम्ही तिघं. मी आवाज बघते, मामेभाऊ कॅमेरा आणि त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, एडिटिंग आणि हिशेब. पैसे येतात ते लग्नांतून. तुळशीचं लग्न झालं की स्वतःचं काम गुंडाळून ठेवायचं आणि लोकांच्या हळदी शूट करायच्या. उरलेल्या दिवसांत, म्हणजे नेमक्या पावसाळ्यात, आमच्या फिल्म.

पहिली केली ती मिरजेच्या छोट्या गाडीवर. बार्शी लाईट रेल्वेचा नॅरोगेज फाटा, रुळांमधलं अंतर अडीच फूट, १९२७ साली मिरजेपर्यंत पोचलेला. पंढरीच्या वारकऱ्यांची गाडी. रूंदीकरण झालं आणि ती गेली. त्या फिल्ममध्ये ड्रोनचे सात शॉट आहेत आणि आज बघताना मला सातही वेळा लाज वाटते. वरून बघितलं की बंद पडलेलं सगळं देखणंच दिसतं. गवत, गंज, तिन्हीसांजेचं ऊन. कुणाच्या पोटावर पाय आला ते तेवढ्या उंचीवरून दिसत नाही. भावाला हे अजून पटलेलं नाही. ड्रोनचे हप्ते तो भरतोय, त्यामुळे मी जास्त ताणत नाही.

दुसरी फिल्म हरिपूरच्या पेवांवर. ती अजून चालू आहे आणि हे सगळं तिच्यासाठीच लिहितेय.

‘पेव फुटणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग मी दहावीपर्यंत दहा वेळा तरी केला असेल. ‘गावोगावी क्लासेसचे पेव फुटले.’ मार्क मिळाले. पेव म्हणजे काय, हे बाईंनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही आणि आमच्या घरापासून हरिपूर सायकलच्या अंतरावर! हे म्हणजे काखेत कळसा.

तर पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढं आणि आत हंड्यासारखं पोट. हरिपूरला कृष्णेला वारणा मिळते. नदीच्या इतक्या जवळची ही माती, पण तिला आत ओल येत नाही. उसाचा पाला लावून त्यात राजापुरी हळदीची पोती उतरवायची, तोंड झाकून माती लिंपायची, की वर्षानुवर्षं बघायला नको. आत कोंडलेल्या हवेतला प्राणवायू संपत जातो आणि त्यामुळे कीडही टिकत नाही. औषध नाही, वीज नाही, भाडं तेवढं व्यापाऱ्यानं द्यायचं. २००५ च्या पुरात पाणी पेवांत शिरलं. हळद गेली आणि पेवंही ढासळली. व्यापारी गोदामांकडे आणि कोल्ड स्टोरेजकडे वळले ते वळलेच. २०१९ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा बुडायला फार पेवं उरलीच नव्हती. त्याच्या आदल्याच वर्षी, २०१८ ला, सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं होतं. मुलगा परदेशी गेल्यावर घराला रंग दिल्यासारखं.

तिथे आम्हाला आबा भेटले. पेवात उतरायचं काम त्यांनी उमेदीच्या सगळ्या वर्षांत केलं. पहिल्या दिवशी मी तोच मूर्ख प्रश्न विचारला, “पेवं बंद का पडली?” आबा पूर म्हणाले, मग गोदामं म्हणाले, मग पोरं ऐकत नाहीत म्हणाले आणि गप्प झाले. ‘का’ विचारलं की माणूस पेपरात वाचलेलं सांगतो. शिवाय ‘बंद पडलं’ हा माझाच शब्द. बंद पडतं यंत्र. दुकान बसतं, बाजार उठतो, धंदा बुडतो, गिरणी मोडीत निघते. आबा पेवाला ‘मुजलं’ म्हणतात, विहिरीला म्हणतात तसं. वहिनींनी तेव्हापासून प्रश्नांच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवलंय: आधी त्यांचा शब्द ऐकायचा.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “आबा, उतरताना हातात काय असायचं?”

“हातात कशाला? आधी कंदील सोडायचा दोरीनं,” आबा म्हणाले. “पेव उघडलं की लगीच उतरायचं न्हाई, पोरी. वारं जाऊ द्यायचं आत. मग कंदील. कंदील विझला म्हंजे आपुन बी विझणार, हे ध्येनात ठिवायचं.”

आणि उठून आत गेले. आले ते कंदील घेऊन. पत्रा काळा पडलेला, काच मात्र धड. टाकीवरून बोट फिरवलं तर अक्षरं लागतात: प्रभाकर.

इथे फिल्मला फाटा फुटला. वहिनी नको म्हणत होत्या, बजेट हरिपूरचं होतं. पण पुढच्या रविवारी आम्ही कऱ्हाडच्या गाडीत. कऱ्हाडचं स्टेशन कऱ्हाडात नाही, ते आहे ओगलेवाडीला, आणि ओगलेवाडी हे नाव पडलं ते काचेच्या कारखान्यामुळे. ओगले बंधूंनी १९१६ साली औंध संस्थानच्या आश्रयानं ओगले ग्लास वर्क्स काढला. स्वदेशीचे दिवस होते. त्याआधी लोकांकडून पैसा-पैसा गोळा करून तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला होता. औंधच्याच आश्रयानं १९१० ला किर्लोस्करवाडी वसली होती, तिचे पंप आजही निघतात. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील एकेकाळी घराघरांत होता. पलीकडच्या पाटण तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर साठच्या दशकात वीज तयार व्हायला लागली आणि ती कोयना कऱ्हाडलाच येऊन कृष्णेला मिळते. प्रीतिसंगमावर भेळ खाताना हे एकदम डोक्यात आलं. नदीला काय त्याचं.

कारखाना का संपला, याची पाच माणसांकडून सहा उत्तरं मिळाली. ती फिल्ममध्ये घेतली नाहीत, कारण प्रत्येक उत्तरात दोषी वेगळा आणि त्यातला एकही उत्तर द्यायला समोर नाही. घेतल्या त्या एक आजी. त्यांचे मालक भट्टीवर होते. काचेची भट्टी रात्री विझवून सकाळी पेटवता येत नाही, ती अहोरात्र धगधगती ठेवावी लागते. “आमच्या घरी दिवाळी पाळ्यांवर ठरायची,” आजी म्हणाल्या. आणि मग भोंग्याचं सांगितलं. कारखान्याचा भोंगा थांबल्यावर त्यांच्या मालकांना जेवायची वेळच कळेना. मनगटावर घड्याळ होतं, भिंतीवर होतं. तरी ताट वाढलं की म्हणायचे, “झाली का वेळ?” मी विचारलं, “भोंगा वाजायचा कसा?” आजींनी पदर सावरला, घसा खाकरला आणि तोंडानं भोंगा दिला. लांबलचक, आधी खालून, मग वर चढत. बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. गेल्या तीन वर्षांत मी टिपलेला सगळ्यात चांगला आवाज हाच आणि तो एकदाच मिळाला. दुसऱ्यांदा द्या म्हटल्यावर आजी लाजल्या.

पुढची फिल्म महाबळेश्वरला करायची आहे. लिंगमळ्याला लोक धबधबा बघायला जातात. तिथे इंग्रज सरकारनं १८६०च्या दशकात क्विनीनसाठी सिंकोनाची झाडं लावली होती. जगली नाहीत. दाखवायला तिथे काहीच नाही, म्हणून भाऊ नाराज आणि म्हणूनच मी खूश.

तर हरिपूर. परवा आबांनी कंदिलाचा प्रसंग करून दाखवायचं कबूल केलं. एक पेव अजून तोंडाशी धड आहे, आत हळद नाही. मी दोरीला कंदिलाच्या वर वीतभर अंतरावर माइक बांधला. गेलेल्या जागेत मी एक मिनिट काहीच न बोलता आवाज घेते. सिमेंटच्या खोलीत तो मोकळा लागतो, देवळात गोल. पेवातला कसा लागेल, याची महिनाभर उत्सुकता होती.

आबांनी वात पेटवली, काच बसवली आणि दोरी सोडायला लागले. वीसएक फूट. हेडफोनमध्ये आधी दोरीची करकर, मग कावळे बंद झाले, मग रस्ता बंद झाला आणि मग फक्त पत्र्याची बारीक टिकटिक, तापल्यावर होते तशी. बाकी माती सगळं पिऊन टाकते. खाली कंदील बेंबीएवढा दिसत होता. भाऊ डोळा लावून, मी श्वास धरून. एक मिनिट झालं, दोन झाली, पाच झाली. वात निवांत जळत होती.

“वा!” भाऊ म्हणाला. “मस्त दिसतंय. आबा, धोका नाही म्हणजे.”

आबांनी दोरीला हिसका दिला, जणू कंदिलाला विचारतायत. तरी जळतोच आहे.

“कुठनं तरी हवा लागतीया,” ते म्हणाले. “फुटलंय आतनं. विझला असता तर बरं होतं. पेव जित्तं म्हटलं असतं.”

भावाला अजून एक टेक हवा होता, जरा कमी उजेडात. आबांनी कंदील वर ओढला, वात बारीक केली, पण विझवली नाही. घरी लाईट गेली होती, सूनबाई स्वयंपाकाला खोळंबली असेल म्हणाले आणि दिवसाउजेडी पेटता कंदील हातात घेऊन निघाले. माझा माइक दोरीला तसाच. तो सोडवायला मी त्यांच्या मागं पळाले, ते पळणंही रेकॉर्ड झालंय.