तंबूतला पाहुणा आणि पाकिटातलं कार्ड

‘ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स’ या निन्टेंडो स्विचवरच्या गेममध्ये आपल्या बेटावर शेजारी म्हणून जास्तीत जास्त १० प्राणी राहू शकतात. दहावं घर भरलं की खरी पंचाईत सुरू होते. अकरावा आवडला तर दहातला एक जाणार, आणि तो कोण हे आपण ठरवणार की गेम, हे नवा शेजारी कुठल्या वाटेने आला त्यावर अवलंबून असतं. नाशिकमध्ये हा गेम खेळणाऱ्या नव्या मंडळींची सगळ्यात जास्त गल्लत इथेच होते, म्हणून हे जरा सविस्तर.

आधी नशिबाची वाट. घराचा एखादा प्लॉट रिकामा असेल तर २,००० माइल्सचं (गेममध्ये मिळवायच्या गुणांचं) तिकीट काढून अनोळखी बेटावर जायचं, तिथे एक प्राणी भेटतो, त्याला बोलवायचं. दहाही घरं भरलेली असताना गेलात तर बेटावर लाकूड आणि दगड मिळतील, प्राणी भेटणार नाही. तिकीट काढण्याआधी प्लॉट तपासा.

तिथे कोण भेटेल याची निवड दोन टप्प्यांत होते. गेम आधी जात निवडतो, मग त्या जातीतला प्राणी. जाती ३५. मांजरं २३, ऑक्टोपस फक्त ४. त्यामुळे ठरावीक ऑक्टोपस भेटण्याची शक्यता १४० मध्ये १, आणि ठरावीक मांजर भेटण्याची ८०५ मध्ये १. पुष्कळांना हवा असलेला रेमंड हा शेजारी मांजर आहे. तो भेटण्याची शक्यता निम्म्यावर यायलाही साडेपाचशेच्या वर तिकिटं लागतात, म्हणजे ११ लाखांहून जास्त माइल्स. ‘शंभर तिकिटं फाडली तरी रेमंड नाही’ म्हणून कोणी हळहळलं, तर त्याचं नशीब फुटकं नाही, गणितच तसं आहे. हा आकडा आधी माहीत असला की माणूस रेमंडसाठी माइल्स जाळत बसत नाही. भेटेल त्यातला बरा वाटेल तो घेतो.

दुसरा नशिबाचा पाहुणा कॅम्पसाइटच्या तंबूत येतो. त्याला प्लॉट रिकामा असण्याची अट नाही, आणि तो आलाय हे सकाळच्या घोषणेत कळतं. गेमचा दिवस पहाटे ५ ला उलटतो, तोवरच त्याचा मुक्काम. पहिल्या बोलण्यात तो बहुतेक वेळा नाही म्हणतो. तंबूतून बाहेर पडू नका, पुन्हा पुन्हा बोलत राहा. कधीतरी तो पत्त्यांचा डाव मांडतो. जिंकलात तर यायला तयार, हरलात तर परत बोलायला लागा. कंटाळवाणं आहे, पण चिकाटीचं फळ हमखास मिळतं.

अडचण पुढे आहे. घरं भरलेली असतील तर कोणाची जागा घ्यायची याचं नाव पाहुणाच सुचवतो. तुमचा सगळ्यात लाडका शेजारी त्याच्या तोंडी आला तर सरळ नकार द्या. नाव ऐकताक्षणी गेम बंद करून पुन्हा सुरू करणारे पुष्कळ आहेत. ते आपापल्या मनावर. मात्र घाईत ‘हो’ दाबलं आणि गेम सेव्ह झाला, की गेलेला शेजारी परत आणायचा सोपा मार्ग उरत नाही.

आता दुसरी वाट, कार्डाची. निन्टेंडोचं अमीबो कार्ड दिसायला साधं पत्त्यासारखं, पण त्याच्या पोटात एनएफसी चिप (अगदी जवळ नेली की बिनतारी वाचली जाणारी) असते. पहिल्या ४ मालिकांत प्रत्येकी १०० कार्डं, म्हणजे क्रमांक १ ते ४००. पाचवी मालिका नोव्हेंबर २०२१ मध्ये गेमच्या २.० अपडेटबरोबर आली, ४८ कार्डांची, क्रमांक ४०१ ते ४४८. याशिवाय ‘वेलकम अमीबो’ नावाच्या संचाची ५० आणि ‘हॅलो किटी’वाल्या सॅनरिओ कंपनीच्या पात्रांवरची ६. सॅनरिओचे सहा शेजारी फक्त कार्डानेच येतात. तंबूत किंवा अनोळखी बेटावर त्यांची वाट पाहण्यात अर्थ नाही. रेमंड, जूडी, शर्ब ही २०२० मध्ये या गेमबरोबरच आलेली मंडळी, त्यांची कार्डं थेट पाचव्या मालिकेत आली.

बोलावण्याची रीत अशी. कॅम्पसाइट बांधून झालेली हवी. रेसिडेंट सर्व्हिसेस या बेटाच्या कचेरीतल्या नूक स्टॉप मशीनवर जायचं, कॅम्पर (तंबूतला पाहुणा) बोलवायचा पर्याय निवडायचा आणि कार्ड टेकवायचं. पाहुणा लगेच तंबूत हजर होतो. तो एक वस्तू बनवून मागतो, ती त्याच दिवशी त्याच्या हातात द्यायची. असं ३ वेगवेगळ्या दिवशी. दिवस सलग नसले तरी चालतात, पण वस्तू न देता दिवस गेला तर ती फेरी धरली जात नाही. बहुतेकांचं घोडं इथेच पेंड खातं: कार्ड टेकवलं, गप्पा मारल्या, वस्तू ‘नंतर देऊ’ म्हणून राहिली, पहाटे ५ वाजले. तिसऱ्या दिवशी वस्तू दिल्यावर राहायला येण्याचा विषय काढा. घरं भरलेली असतील तर इथे कोण जाणार ते तुम्ही निवडता. कार्डाची खरी किंमत या एका निवडीत आहे. दिवसाला एकच पाहुणा बोलावता येतो.

म्हणून कार्ड टेकवण्याआधी सामान भरून ठेवा. साधं लाकूड, मऊ लाकूड आणि टणक लाकूड प्रत्येकी ३०, वर लोखंडाचे खडे, माती आणि दगड असले की शेवटच्या घडीला धावपळ होत नाही. एका झाडाला दिवसाला ३ ओंडके निघतात. हलकी किंवा दगडी कुऱ्हाड वापरा, त्यांनी झाड पडत नाही. पूर्ण कुऱ्हाडीच्या तिसऱ्या घावाला झाड आडवं होतं. खडकातून जास्तीत जास्त ८ वेळा माल निघतो, पण प्रत्येक घावाला आपण मागे ढकलले जातो आणि तेवढ्यात वेळ संपते. खडकासमोर उभं राहून पाठीमागे दोन खड्डे खणून ठेवले की पाय जागचे हलत नाहीत आणि आठही घाव बसतात. फळ खाऊन खडकावर घाव घालू नका, खडक फुटतो आणि त्या दिवसाचा माल बुडतो.

कार्ड वाचलं जात नाही अशी तक्रार आली की आधी विचारायचं, टेकवलं कुठे? स्विचच्या डाव्या जॉयकॉन कंट्रोलरमध्ये कार्ड वाचणारा भागच नाही. उजव्या जॉयकॉनवर कार्ड काठीच्या (जॉयस्टिकच्या) टोकावर आडवं ठेवायचं. स्विच लाइटवरही उजवी काठीच. प्रो कंट्रोलरवर मधल्या चिन्हावर. वाचन जेमतेम काही मिलिमीटरवरून होतं, त्यामुळे जाड प्लॅस्टिकच्या कव्हरात घातलेलं कार्ड कधी लागतं, कधी नाही. दोन कार्डं चिकटलेली असतील तर चिप एकमेकींच्या आड येतात. धातूचाही त्रास होतो: स्टीलच्या टेबलावर किंवा ताटावर कंट्रोलर ठेवून टेकवू नका, लाकडी पाटावर किंवा गादीवर बसा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत दमटपणा असतो, तेव्हा सुटी कार्डं वाकतात आणि वाकलेल्या कार्डाचा मधला भाग काठीवर नीट बसत नाही. पातळ पारदर्शक कव्हर, वर एखादी सिलिका जेलची पुडी, आणि उभ्या डबीत ठेवणं पुरेसं आहे.

एक कार्ड एकाच बेटापुरतं नसतं. मैत्रिणीने तिचं कार्ड आणून टेकवलं तर तिच्या बेटावरचा शेजारी तिथेच राहतो आणि तुमच्याकडे तोच प्राणी वेगळा येतो. म्हणून नाशिकसारख्या शहरात पूर्ण संच एकट्याने विकत घेण्यापेक्षा पाच-सहा जणांनी मिळून कार्डं जमवून आळीपाळीने वापरणं शहाणपणाचं. गणित बघा. बंद पाकिटात कोणतं कार्ड आहे ते दिसत नाही. सगळी कार्डं सारख्या प्रमाणात आहेत असं धरलं, तरी पाचव्या मालिकेची ४८ पूर्ण करायला सरासरी २१४ कार्डं फोडावी लागतील. १०० च्या मालिकेतलं एकच ठरावीक कार्ड हवं असेल तर निम्मी शक्यता गाठायलाच ६९ लागतात. आवडता शेजारी ठरलेला असेल तर पाकिटाच्या मागे लागू नका, तेवढं एकच सुटं कार्ड शोधा.

निन्टेंडोची भारतात अधिकृत विक्री नाही, त्यामुळे इथे मिळतं ते बाहेरून आलेलं. ऑनलाइन स्वस्तात दिसणारे अंगठ्याएवढे गोल किंवा छोटे चौकोनी टॅग हे मूळ कार्ड नव्हेत, नकला आहेत. विकणारा त्यांना ‘ओरिजिनल’ म्हणत असेल तर तिथून घेऊ नका. मूळ कार्डातली चिप एनटॅग २१५ जातीची असते, वापरायला ५०४ बाइट जागा असलेली. एनटॅग २१३ वर १४४ बाइटच असतात, त्यावर हा मजकूर मावतच नाही. मूळ घेताना समोरचा क्रमांक आणि नाव दोन्ही विचारा. मालिकेतले सुरुवातीचे क्रमांक खास पात्रांचे असतात. १ म्हणजे इझाबेल, २ म्हणजे टॉम नूक. ही कार्डं तंबूत कोणालाही आणत नाहीत. त्यांचा उपयोग हार्व या छायाचित्रकाराच्या बेटावर फोटोसाठी.

आणि म्हणूनच फिरत्या पाहुण्यांच्या बाबतीत कार्ड काही कामाचं नाही. चित्रं विकणाऱ्या रेडचं कार्ड खिशात असलं तरी त्याचं जहाज येत नाही, त्याची वाट बघावीच लागते. सलगम विकणारी डेझी मे फक्त रविवारी पहाटे ५ ते दुपारी १२, त्यामुळे मिसळीच्या बेताला बाहेर पडण्याआधी सलगम घेऊन टाका. भाव ९० ते ११० बेल्सच्या (गेममधल्या पैशांच्या) मधे असतो. विकायच्या आधी घड्याळ मागे नेलंत तर सगळे सलगम सडतात, तेव्हा कार्डाच्या ३ फेऱ्या उरकायला तारीख बदलणार असाल तर आधी ते विकून मोकळे व्हा. गलिव्हर हा खलाशी किनाऱ्यावर पडलेला दिसला की वाळूतून ५ सुटे भाग खणून काढायचे. विस्प या भुताचे ५ तुकडे जाळ्याने पकडायचे.

रेडकडे मात्र डोळे उघडे ठेवून जा. तो खोटी चित्रं खऱ्याच्या भावात विकतो आणि संग्रहालय सांभाळणारं घुबड ती घेत नाही. एका दिवसात एकच चित्र घेता येतं, म्हणून जवळून बघा. मोत्याचं कर्णभूषण घातलेल्या मुलीच्या खोट्या चित्रात कानात गोल मोत्याऐवजी चांदणी असते. मोनालिसाच्या खोट्या चित्रात भुवया वर चढलेल्या असतात. ताऱ्यांच्या रात्रीचं, सूर्यफुलांचं आणि मोठ्या लाटेचं चित्र समोर आलं तर बिनधास्त घ्या, या तिन्हींच्या नकला गेममध्ये नाहीतच.