अंगठा झाला नाही

2024 चा पावसाळा. सोमवार, त्यात निराधारांचे पैसे जमा झालेले, त्यामुळे बँकेच्या शाखेत पाय ठेवायला जागा नव्हती. आमची शाखा सातारा जिल्ह्यात, तालुक्याच्या गावी. अकराच्या सुमाराला रिक्षावाला आणि आणखी एक जण मिळून एका मुलाला उचलून आत घेऊन आले. मागून त्याची आई, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं पासबुक.

बाईंची ही तिसरी खेप. मुलाला अठरा पूर्ण झाली आणि आईच्या सहीवर चालणारं त्याचं अज्ञान, म्हणजे अल्पवयीन मुलाचं, खातं थांबलं. संजय गांधी निराधार योजनेचे महिना 1500 रुपये येत होते, पण काढता येत नव्हते. सात महिन्यांचे 10,500 पडून होते. पहिल्या खेपेला मी म्हणाले होते, "मुलगा सज्ञान झाला, आता सही त्याची लागेल." दुसऱ्या खेपेला त्यांनी सांगितलं, त्याला सही येत नाही, बोलताही येत नाही. "मग अंगठा चालेल, घेऊन या त्याला," असं म्हणून मी पुढच्या माणसाची स्लिप हातात घेतली.

म्हणून त्या त्याला घेऊन आल्या. चौदा किलोमीटरवरून, भर पावसात.

मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे स्नायूंवर ताबा नाही, आणि जोडीला मतिमंदत्व. दोन्ही मुठी छातीशी घट्ट, अंगठे बोटांच्या आत दुमडलेले. शिपायाने स्टॅम्प पॅड आणलं. मी त्याचा अंगठा धरून बाहेर ओढला. जितका ओढावा तितकी मूठ आणखी आवळत गेली, आणि तो ओरडायला लागला. रांगेतली माणसं वळून बघू लागली. बाई मध्ये आल्या. "मॅडम, ओढू नका. मला पैसे नकोत. त्याचा हात सोडा."

मी हात सोडला. बाईंनी त्याचं मनगट हळूच खालच्या बाजूला वाकवलं, अंगठ्याच्या बुडाशी दोन बोटांनी चोळलं, आणि मूठ आपोआप उघडली. तळव्यावर नखांचे वळ होते. पदराने तळवा पुसत त्या म्हणाल्या, "आता घ्या." मला तो घेववेना. ज्याला पैसे म्हणजे काय हेच कळत नाही, त्याचा अंगठा कागदावर उमटवून मी नेमकी कशाची संमती घेणार होते?

त्यांना बसवलं, चहा मागवला आणि जुनी परिपत्रकं उघडली. रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक 2007 पासूनच होतं. स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या सज्ञान व्यक्तीचं खातं कायदेशीर पालकाला चालवता येतं, आणि त्यासाठी राष्ट्रीय न्यास अधिनियम, 1999 खालच्या स्थानिक समितीचं पालकत्व प्रमाणपत्र बँकेने ग्राह्य धरावं. समितीत जिल्हाधिकारी, एका नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. अर्ज आई-वडिलांना स्वतः करता येतो. सही नको, अंगठा नको. पहिल्याच खेपेला मी एवढं सांगितलं असतं तर त्या मुलाला रिक्षात बसावंच लागलं नसतं.

अठरा वर्षं जिने त्याला भरवलं, धुतलं, फिट आली की मांडीवर धरलं, ती आई अठराव्या वाढदिवसापासून कायद्याने त्याची पालक राहत नाही, हे बाईंना कुणीच सांगितलेलं नव्हतं. शाळेने नाही, दवाखान्याने नाही, आम्हीही नाही. माझं आजही ठाम मत आहे की हे सतराव्या वर्षीच सांगायला हवं, आणि ते सांगणं काउंटरवरच्या माणसाचं काम आहे.

अर्ज मी त्याच दुपारी त्यांच्याबरोबर बसून भरला. अपंगत्वाचं प्रमाणपत्र, आधार, जन्माचा दाखला, सगळं त्या पिशवीत होतंच. फक्त कुणी मागितलं नव्हतं. पुढे साताऱ्याला हेलपाटे झाले, सुनावणी झाली आणि दिवाळीनंतर प्रमाणपत्र हातात आलं. खात्यावर पालक म्हणून आईचं नाव लागलं.

पण बाई घाबरल्या होत्या. नेमणुकीपासून सहा महिन्यांत मुलाच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा, असा नियम आहे. त्यांचं शिक्षण चौथीपर्यंत. मी त्यांना दोनशे पानी वही दिली आणि म्हणाले, "पैसे त्याचे आहेत. त्याच्यासाठी जे कराल ते तारीख घालून लिहायचं, बास."

"दहा रुपयाची कुल्फी दिली तर?"

"तीही लिहा."

एप्रिलमध्ये त्या वही दाखवायला आल्या. मोठाली, गोल अक्षरं. फिटच्या गोळ्या, डायपर, मऊ भाताचे तांदूळ, कुल्फी. पहिलं पान मात्र पावसाळ्यातल्या त्या सोमवारचं होतं. "बाई, हे नेमणुकीच्या आधीचं आहे, हे धरत नाहीत," मी म्हणाले.

"असू द्या. खर्च त्याच्याच पायी झालाय."

रिक्षा, बँकेत जायला-यायला, 600. आणि त्याच ओळीत पुढे: अंगठा झाला नाही.