आमची वाटचाल : तारेने कापलेली पहिली दहा भांडी

आमच्या स्टुडिओत शिकायला येणाऱ्याची चाकावरची पहिली दहा भांडी आम्ही तारेने उभी कापतो. कापलेली भिंत डोळ्यांनी बघितल्याशिवाय हात कुठे चुकतोय ते कळत नाही. तळाशी माती बोटभर जाड आणि काठाला कागदासारखी, हे नवशिक्याचं ठरलेलं. हा नियम पहिल्या तुकडीपासून आहे आणि याच नियमावरून माझा भागीदार मला सोडून गेला.

सुरुवात दोघांनी केली होती. दोन चाकं, एक विजेची भट्टी, माती मळायला प्लास्टरची लादी. त्याचा हात माझ्यापेक्षा चांगला होता, हे मी आजही मान्य करते. डळमळणारा गोळा त्याच्या तळव्याखाली बघता बघता असा स्थिर व्हायचा, की चाक थांबलंय असं वाटावं. पण त्याचं म्हणणं, लोकांना घरी न्यायला भांडं हवं असतं. त्यांच्या हातावर आपला हात ठेवायचा आणि वाटी उभी करून द्यायची. माझं म्हणणं, ती वाटी मग त्यांची नाही. तिसऱ्या वर्षी तो गेला. जवळच वर्ग काढला आणि ‘पहिल्याच दिवशी स्वतःचं भांडं’ अशी पाटी लावली. आमचे निम्मे विद्यार्थी तिकडे गेले. विद्यार्थी गेले त्याचा राग नाही. कोपर मांडीला कसं टेकवायचं, तळहाताची कड मातीला कुठे लावायची, याची मी रात्री बसून काढलेली चित्रं त्याने स्वतःची म्हणून वाटली, तो राग अजून गेलेला नाही.

त्याच हंगामात एक भट्टी पार फसली. नेहमीची लालसर स्टोनवेअर, म्हणजे जास्त आच सोसणारी माती, मिळेना, म्हणून दुसऱ्या पुरवठादाराकडून घेतली. पोत्यांवर स्टोनवेअर असंच छापलेलं होतं. मळताना माती जरा जास्तच मऊ लागली, आणि मला उलट बरं वाटलं. ९५० अंशांना बिस्क, म्हणजे पहिली कोरी भाजणी, केली, सगळं नीट निघालं. मग ग्लेझ, म्हणजे काचेसारखी चकाकी देणारा लेप, लावून कोन ६ ची, म्हणजे १२४० च्या आसपासची, भट्टी भरली. त्यात स्टुडिओत राहिलेल्या सगळ्यांची सहा महिन्यांची कामं होती.

भट्टी निवल्यावर झाकण उचललं, तर वरच्या फळीवर एकही भांडं उभं नव्हतं. काळंतपकिरी, फुगलेलं, चपटं काहीतरी फळीच्या कडेवरून खाली ओघळून काचेसारखं घट्ट झालं होतं. पोत्यांत टेराकोटा होती. ती हजार-अकराशे अंशांपर्यंतची माती. १२४० ला तिचं पाणी होतं. पाच फळ्या गेल्या, विटांच्या खाचांत रस शिरून खालची दोन एलिमेंटं, म्हणजे भट्टी तापवणाऱ्या तारा, तुटली. पुरवठादार म्हणाला, चाचणी तुम्ही घ्यायला हवी होती. स्वतःच्या चुकीच्या छापाबद्दल त्याने चकार शब्द काढला नाही, भरपाई तर दूरच. आणि पलीकडच्या वर्गात सांगितलं गेलं, की हिला भट्टी लावता येत नाही.

मी स्टुडिओ बंद करायला निघाले होते. अडवलं काकूंनी. काकू पहिल्या तुकडीतल्या, माती केंद्रात आणायला, म्हणजे चाकावरचा गोळा न डळमळता स्थिर करायला, त्यांना सहा आठवडे लागले होते. वितळलेल्यात त्यांचे चार वाडगे होते. त्या आल्या, भट्टीत वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “अगं, दोन फळ्या वाचतायत की. छिन्नी कुठाय?” नऊ दिवस त्या डोळ्यांवर चष्मा चढवून फळ्या खरवडत होत्या. मग केओलीन आणि अॅल्युमिना या भट्टीत न वितळणाऱ्या पांढऱ्या पुडी समभाग कालवून फळ्यांना नवा लेप दिला, तोही त्यांनीच. जाताना पुढच्या दोन सत्रांची फी आगाऊ ठेवली. नवी एलिमेंटं त्या पैशांतून आली.

त्यानंतरची वर्षं सरळ गेली, त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आता सहा चाकं आहेत.

जे नव्याने शिकतायत किंवा वर्ग काढू बघतायत त्यांना मात्र सांगते. पोत्यावरच्या अक्षरांवर भट्टी लावू नका. प्रत्येक पोत्यातली एक चकती जुन्या बिस्कच्या ताटलीत ठेवून पूर्ण तापमानाला भाजून बघा. वितळली तर ताटलीत वितळेल. भांडं भट्टीत फुटलं की सगळे हवेच्या बुडबुड्याला दोष देतात. बहुतेक वेळा दोष पाण्याचा असतो, शंभर अंशांना त्याची वाफ होते आणि ती भिंत फोडून बाहेर येते. म्हणून वाळलेलं भांडं गालाला लावा. गार लागलं तर अजून थांबा. ५७३ अंशांच्या आसपास भट्टी सावकाश जाऊ द्या, तिथे मातीतली गारगोटी (क्वार्ट्झ) आपला आकार बदलते, आणि घाई केलीत तर तडा जातो. आणि शिकणाऱ्याच्या भांड्याला त्याने सांगितल्याशिवाय हात लावू नका.

पोत्यांच्या चाचणीचं काम काकूंनी स्वतःकडे घेतलंय. गेल्या आठवड्यात आलेल्या मातीच्या अकरा चकत्या आत्ता फळीवर सुकतायत, प्रत्येकीवर सुईने कोरलेला पोत्याचा आकडा, त्यांच्या तिरक्या अक्षरात.