हत्तीरोग: दिवसाची तपासणी आणि गोळ्यांनंतरचा ताप

नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्याला हत्तीरोग नवा नाही. सुजलेला पाय सर्वांना दिसतो. पण ज्याच्या रक्तातून डासामार्फत हा रोग पुढे जातो, तो माणूस बहुधा धडधाकट असतो. वुचेरेरिया बँक्रॉफ्टी हा या रोगाचा कृमी लसिकावाहिन्यांत (शरीरातील लसिका हा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांत) काही वर्षे जगतो आणि तेवढा काळ शरीराची प्रतिकारयंत्रणा थंड ठेवतो. प्रतिकाराला लगाम घालणाऱ्या नियामक टी पेशी आणि दाह शमवणारे इंटरल्यूकिन-१० हे प्रथिन यांच्या प्रभावाने दाह दबून राहतो. उलट, पाय कायमचा सुजलेल्या अनेकांच्या रक्तात कृमीचा मागमूसही सापडत नाही.

या कृमीची पिल्ले रात्रीच रक्तात उतरतात, म्हणून रात्र चिकित्सालयाच्या (हत्तीरोगासाठी रात्री रक्त तपासणाऱ्या सरकारी केंद्राच्या) पथकांना रात्री १० नंतर दारोदार रक्तनमुने घ्यावे लागत. संसर्गाविरुद्ध शरीर जी प्रतिपिंडे तयार करते, त्यांची चाचणी दिवसा करता येते, पण संसर्ग जुना की आत्ताचा, हे ती नेमके सांगू शकत नाही. कृमीने रक्तात सोडलेले प्रतिजन (कृमीचेच अंश) शोधणारी पट्टी मात्र बोटातून घेतलेल्या ७५ मायक्रोलिटर रक्तावर, दिवसाच्या कोणत्याही वेळी, १० मिनिटांत उत्तर देते. आपल्या शेजारच्या सेवाग्राममध्ये डॉ. बी. सी. हरिनाथ यांनी हत्तीरोगाच्या अशा रोगप्रतिकारशास्त्रीय निदानावर अनेक वर्षे संशोधन केले, याचा मला वैदर्भीय म्हणून अभिमान वाटतो.

आयव्हरमेक्टिन, डीईसी (डायइथाइलकार्बामाझिन) आणि अल्बेंडाझोल ही तीन कृमिनाशक औषधे एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या जिल्ह्यांत सर्वप्रथम सुरू झाली, त्यांत २०१९ साली नागपूर होते. तेव्हापासून वस्त्यांमध्ये एकच तक्रार ऐकू येते, की गोळ्या घेतल्या आणि ताप आला. हा ताप बहुतेक वेळा विषबाधेचा नसतो. पिल्ले मरताना त्यांच्यातील प्रथिने आणि त्यांच्या शरीरातील पेशींत राहणारे वोल्बाकिया नावाचे जिवाणू रक्तात मोकळे होतात, आणि आजवर शांत असलेली प्रतिकारयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडते. रक्तात पिल्ले जितकी जास्त, तितका हा त्रास अधिक होतो, आणि तो सहसा एक-दोन दिवसांत ओसरतो. आशाताई दारात उभ्या असताना एवढे समजावून सांगायला कोणी सोबत असेल, तर नकार देणारी कितीतरी घरे ऐकतील असे मला मनापासून वाटते. गर्भवती, गंभीर आजारी व्यक्ती आणि लहान बालके यांना मात्र या गोळ्या देत नाहीत. ज्यांचा पाय आधीच सुजला आहे, त्यांनी तो रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवावा, कारण त्या सुजेत वारंवार येणारा ताप बऱ्याचदा त्वचेच्या भेगांतून शिरलेल्या साध्या जिवाणूंमुळे येतो.