रावेर ते चोपडा, केळीच्या रस्त्याने

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर रावेर सोडलं आणि पश्चिमेला तोंड केलं, की दिवसभर दिशा विचारावी लागत नाही. उजव्या हाताला सातपुडा, डाव्या हाताला थोडी दूर तापी, आणि मधल्या काळ्या सपाटीवर सावदा, फैजपूर, यावल, अडावद, चोपडा. आमच्या सायकल मोहिमेतला हा टप्पा ८० किलोमीटरच्या थोडा वर. चढ जवळजवळ नाहीच. म्हणून अनेकजण त्याला ‘आरामाचा दिवस’ म्हणत होते. मला तो सगळ्या मोहिमेतला सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटला.

खान्देश म्हटलं की लोकांना मे महिन्याचं ऊन आठवतं. डिसेंबरातली पहाट इथे चांगलीच बोचते. त्यात दोन्हीकडे केळीच्या बागा. ठिबकने भिजलेल्या बागेतून ओला गारवा थेट रस्त्यावर येतो, आणि बाग संपून हरभऱ्याचं मोकळं शेत लागलं की हवा कोरडी झाल्याचं हाताच्या बोटांना कळतं. गाडीच्या काचेआडून हे कधीच समजलं नसतं.

उजाडायच्या आतच केळीची कटाई सुरू झालेली असते. मजूर खांद्यावर घड घेऊन बांधावरून येतात, ट्रकमध्ये खाली केळीचीच पानं अंथरून माल रचतात. परदेशी जाणाऱ्या मालाची तऱ्हा वेगळी: घडाच्या फण्या सोडवायच्या, धुवायच्या, पेट्यांत भरायच्या. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण या मजुरांची सफाई पाहिली, की मानांकनातला मोठा वाटा त्यांच्या हातांचा आहे असं मला मनापासून वाटतं.

सावद्याच्या पुढे वारं सुटलं, डोंगराकडून आडवं. समोरचं वारं असलं तर एकामागे एक लागून पुढच्याचा आडोसा घेता येतो. उजवीकडून वारं आलं की आडोसा मिळतो डावीकडे, आणि डावीकडे साइडपट्टी, तिच्यावर खडी. मागून केळीचे ट्रक. आमच्यातल्या अनुभवी आबांनी ठरवून टाकलं, आडोसा विसरा, एक रांग, दोघांत एका सायकलचं अंतर, आणि खड्डा दिसला की हात खाली करून मागच्याला दाखवा. वेग कमी झाला, पण नवीन मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला.

फैजपुरात थांबलो. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं अधिवेशन इथे भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या साध्या साहित्यातून अधिवेशननगरी सजवली होती आणि साने गुरुजी तयारीसाठी राबले होते. शेतसारा, कुळांनी द्यायचा खंड आणि शेतकऱ्याच्या कर्जाबद्दलचा कार्यक्रम याच अधिवेशनात मांडला गेला. त्याच महिन्यात, त्याच गावात उभं राहून हे सगळं आठवताना अंगावर काटा आला.

फैजपूर सोडल्यावर मोर नदीचा पूल लागतो. खाली बघितलं तर वाळू, गोटे आणि काटेरी झुडपं. सकाळीही असेच पूल ओलांडले होते, पुढे चोपड्यापर्यंत ओलांडतच राहिलो. सातपुड्यातून निघून तापीला मिळणारे नदी-नाले, बहुतेक कोरडे. आणि पुलाच्या दोन्ही टोकांना हिरवीगार केळी! हे पाणी येतं कुठून? जमिनीखालून. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे-वाळूचा जाड थर आहे, त्यात पावसाचं पाणी मुरतं आणि तापीच्या गाळाखालून विहिरींना मिळतं. मिळायचं, असं म्हणायला हवं. रावेर आणि यावल हे तालुके आज भूजलाचा अतिउपसा झालेल्या तालुक्यांत गणले जातात.

दुपारचं जेवण यावलच्या पुढे, एका शेतात. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर मोठी हिरवी वांगी भाजली, मिरच्याही त्याच जाळावर. लाकडी भांड्यात ठेचलेलं भरीत, वरून कांद्याची पात, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. काकू वाढताना सारख्या म्हणत होत्या, “घ्या ना भाऊ, सायकल चालवायची आहे अजून.” पुण्याकडच्या आमच्या मित्रांनी तिसऱ्यांदा भरीत मागितलं तेव्हा मला या मातीचा फार अभिमान वाटला.

किनगाव, धानोरा पटकन मागे पडले. अडावदला चहा. उनपदेवचे गरम पाण्याचे झरे इथून जवळ, पण सूर्य उतरत होता आणि आम्ही तिकडे वळलो नाही. चहाच्या टपरीवर एक म्हातारे शेतकरी भेटले. त्यांच्या वडिलांनी खणलेल्या विहिरीवर मोट चालायची. ती विहीर आता कोरडी आहे, आणि बोअर दर काही वर्षांनी आणखी खोल न्यावी लागते. “केळी सोडून दुसरं काय लावू?” असं त्यांनी विचारलं. तापीच्या पुराचं पाणी पायथ्याच्या त्या गोट्यांच्या थरात जिरवण्याची मेगा रिचार्ज योजना वर्षानुवर्षं चर्चेत आहे. ती लवकर व्हावी, असं त्या बाकावर बसून मला जितकं तीव्रतेने वाटलं तितकं कुठल्याही बातमीने वाटलं नव्हतं. पण नुसती योजनेची वाट बघूनही चालणार नाही. पिकाला पाणी किती द्यायचं, हा हिशेब शेतावरच बसवावा लागेल.

चोपड्यात दिवे लागल्यावर पोचलो. दोन पंक्चर, बाकी सगळे सुखरूप. उद्या अनेर नदी ओलांडून शिरपूर. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी त्या तालुक्यात नाले रुंद-खोल करून, त्यांवर बंधारे बांधून पाणी जिरवलं आहे. वाटेत त्यातला एखादा नाला बघायचाच, म्हणून आबांनी निघायची वेळ अर्धा तास अलीकडे घेतली आहे.