३१च काऊन?

नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या शिकवणीत नवीन आलेलं पोरगं थोड्याच दिवसांत विचारतं, ‘सर, तुमच्या उदाहरणात दर वेळी ३१च काऊन?’ पालकांना उत्तर आधीच ठाऊक असतं: नागपूरचा माणूस, गाडीवर एमएच ३१, विषय संपला. तसं नाही हो. तसं असतं तर पूर्व नागपूरच्या एमएच ४९ वाल्यांनी काय करायचं? सात सत्ते एकोणपन्नास, पुढे बोलायला फारसं काही नाही. (त्यांनी रागावू नये.)

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ३१ मला आवडतो तो त्याच्या आडमुठेपणासाठी. नियम सापडला म्हणून आपण खूश व्हावं आणि याने नेमका तिथेच खोडा घालावा.

एक मोठं वर्तुळ काढा. परिघावर दोन बिंदू घेऊन जोडले की आत दोन तुकडे होतात. तीन बिंदू सगळे एकमेकांना जोडले की चार, चार बिंदूंना आठ, पाचांना सोळा. सहा म्हटलं की अख्खा वर्ग ‘बत्तीस!’ ओरडतो. मागच्या बाकावरचे तर वहीत लिहूनही मोकळे. मग मी मोजायला बसवतो. कोणाचे ३१ भरतात, कोणाचे ३०. ‘बत्तीसच आहेत ना बे,’ असं म्हणत एखादा तिसऱ्यांदा मोजतो, पण येत नाहीत. ३० वाल्यांचंही चुकलेलं नसतं. त्यांनी बिंदू अगदी समान अंतरावर घेतलेले असतात, म्हणून तीन लांब रेषा मधोमध एकाच जागी छेदतात. एक बिंदू जरासा सरकवला की तिथे चिमुकला त्रिकोण उघडतो. तोच एकतिसावा.

मुळात तुकडे दुपटीने वाढतच नाहीत. सुरुवातीचा एक, प्रत्येक रेषेमागे एक आणि प्रत्येक छेदनबिंदूमागे एक, अशी ती बेरीज आहे. सहा बिंदूंच्या रेषा १५. एका छेदनबिंदूला परिघावरचे चार बिंदू लागतात, आणि सहातून चार निवडायचे प्रकारही १५च. १ + १५ + १५. सात बिंदूंना ५७ येतात. दहांना मात्र पुन्हा बरोबर २५६, म्हणजे दोनाचा आठवा घात! आता याला काय म्हणावं?

दुसरीकडे हाच ३१ भलताच शहाण्यासारखा वागतो. ३१ मूळ संख्या, ३३१ मूळ, ३३३१ मूळ, असं करत थेट ३,३३,३३,३३१ पर्यंत. आणखी एक तीन लावला की ३३,३३,३३,३३१ ला १७ने भाग जातो, भागाकार १,९६,०७,८४३.

दोनाच्या घातातून एक वजा करायची गोष्टही तशीच. घात २, ३, ५, ७ घ्या: ३, ७, ३१, १२७, सगळ्या मूळ. ११ घेतला की २०४७, म्हणजे २३ × ८९. घात ३१ घेतल्यावर येणारी २,१४,७४,८३,६४७ पुन्हा मूळ. ते गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये कागदावर आकडेमोड करून दाखवलं. जुन्या ३२ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ठेवायचं एक घर) संगणकांत एक बिट अधिक-उणे चिन्हात जातो, उरतात ३१. त्यामुळे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजायची त्यांची मर्यादा हीच संख्या. १९ जानेवारी २०३८ला आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी ती भरेल, आणि दुरुस्त न केलेली अशी यंत्रं पुढच्याच सेकंदाला, आकडा उणे होऊन, १९०१ सालात जातील. हल्लीच्या ६४ बिटांच्या मोबाइलवाल्यांनी काळजी करू नये.